मालकांना घेऊन या

...आणि वर कृपा सिस्टर मलाच म्हणते, 'सर, आधी घाम पुसा!' घाम? मला? अहो, बावीस वर्षं प्रॅक्टिस आहे माझी कर्जतला! विंचू, साप, बैलानं पोटात खुपसलेलं शिंग, सगळं बघितलं... आणि एका बाईनं एक गोळी मागितली तर माझी बोबडी वळली!

तुम्हाला सांगतो, दीपाताई जुन्या पेशंट, शिवणकाम करतात, मालक ट्रकवर, महिना-दीड महिन्यानं घरी येणार. समोर बसल्या आणि एका दमात म्हणाल्या, 'सायेब, एचायव्ही होऊ नये म्हनून आदीच घ्यायची गोळी अस्ती म्हनं, ती द्या. मालक भाईर काय करत्यात ते मला ठावं हाय. तपासनी करीत न्हाईत, निरोधचं नाव काढलं की ताट फेकत्यात. गनपतीला येनार हायेत. मला दोन लेकरं हायेत, सायेब.' आणि मी काय म्हणालो? बावीस वर्षांची सवय हो, तोंडातून निघून गेलं, 'मालकांना घेऊन या.'

पडद्यामागे सिस्टरच्या हातातून ट्रे पडला!

आता मला सांगा, ज्याच्यापासून वाचायचं त्यालाच सोबत आणा म्हणणारा डॉक्टर तुम्ही पाहिलाय का? बघून घ्या! बरं, औषध मला माहीत होतं, कॉन्फरन्सला ऐकलेलं... जेवणाआधीचं लेक्चर, निम्मं लक्ष पनीरच्या वासाकडे. पण माझ्या डोक्यात काय, ते सगळं पुण्या-मुंबईच्या बायकांसाठी! कर्जतच्या सुनेला कशी लिहायची? उद्या गाव म्हणेल, डॉक्टर बायांना फूस लावतो! म्हणून मी आपलं खाकरून विचारलं, 'ताई, रोज घ्यावी लागते, न चुकता. जमेल का तुम्हाला?' तर म्हणतात, 'सासूची बीपीची, सासऱ्याची शुगरची, धाकट्याची फिटची, समद्यांच्या गोळ्या रोज कोन देतं सायेब? तुमी येता व्हय द्यायला?'

 आता डॉक्टर अडला की काय करतो? चिठ्ठी लिहितो! नगरच्या स्त्रीरोगवाल्या मॅडमना लिहिली. मॅडमनी बघितलं, 'अगं बाई, हे माझं नव्हेच, हे गुप्तरोगवाल्यांचं!' की दिली दुसरी चिठ्ठी. गुप्तरोगवाले म्हणाले, 'बाई तर धडधाकट आहे, आजारच नाही, मी बघू काय?' आणि तिसरी चिठ्ठी, 'फॅमिली डॉक्टरांनी पाहावे.' फॅमिली डॉक्टर कोण? मीच की!

तीन चिठ्ठ्या एकाच टाचणीला लावून बाई परत माझ्यासमोर! एसटीचे धक्के खाऊन आलेल्या, मशीन दोन दिवस बंद. म्हणाल्या, 'गनपती धा दिसांवर आले, सायेब. आता चिठ्ठी कुनाला लिवताय? गनपतीला?'

लाज वाटली हो मला. खरंच वाटली. ती बाई एकटीनं आपला जीव वाचवायला निघाली होती, आणि आम्ही तिघं शिकलेले तिला चेंडूसारखी टोलवत होतो. मग काय, लायब्ररी उघडली... म्हणजे मोबाईल हो! सगळं नीट वाचलं, तिथल्या तिथं एचआयव्हीची तपासणी केली, लागण नाही निघाली, गोळी झेपेल का म्हणून किडनीचा रिपोर्ट मागवला, तो बरा आला, आणि लिहिली गोळी! म्हणालो, 'पूर्ण असर यायला दिवस लागतात, आजपासूनच सुरू करा, मध्ये खाडा नको. आणि मालक आले की...' त्या म्हणाल्या, 'आले की पयले चार दिस माज्या आईकडं पाठवते त्यास्नी. माजी माय आजारी हाय म्हनून सांगते. तुमी फकस्त कुनाला बोलू नका.' आणि जाताना सिस्टरकडं बघून हसल्या. माझ्याकडं नाही!

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! नगरच्या मॅडमचा फोन, 'काय, तुम्ही लिहिलीत म्हणे? वा! मग आता माझ्याकडच्या सगळ्या तुमच्याकडे!' दुसऱ्या सोमवारी दारात पाच बायका, पाचही जणींच्या हातात चिठ्ठ्या. बावीस वर्षांत मला कोणी तज्ज्ञ म्हटलं नाही, आणि आता गुप्तरोगवाले लिहितात, 'या विषयातील तज्ज्ञ, कर्जत'! आणि माझी जीभ? अहो, ती अजूनही पहिल्या वाक्याला तिकडेच वळते, 'माल...' की पडद्यामागून सिस्टर खोकते.

परवा तर तिनं मला न विचारता दारावर पाटीच लावली. मीच रोज वाचतो येता-जाता. ठळक अक्षरात लिहिलंय, 'कृपया मालकांना सोबत आणू नये.'