ठमाईचा ओढा

मंडळी, एक सांगा – माणसाचं नाव कशानं टिकतं? दगडावर कोरल्यानं? बरं, ऐका!

आमचं आंबेखोरं. चारी बाजूंनी डोंगर, आणि ओढे म्हणाल तर बक्कळ! एकाचं नाव जावईओढा. का? श्रावणात येतो, दिवाळी खातो, पुढं पत्ता नाही! तर आमच्याकडं एक रीत. ओढ्याचं नाव वरच्यानं ठेवायचं नाही. खाली जो पाणी पितो, तो नवं भात निघालं की पहिली मूठ पाण्यात सोडतो आणि नाव घेतो. तेच नाव.

आता वरच्या वाडीचे खोत, दाजीबा. त्यांना वाटलं, एका ओढ्याला आपल्या वडिलांचं नाव हवं. रीत गेली उडत! काठावर हा एवढा दगड रोवला, कोरीव अक्षरांचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

त्या साली पावसानं दडी मारली. खालच्या वाडीची रोपं पिवळी पडली. खोतांची विहीर भरलेली. लोक पाणी मागायला गेले, तर खोत म्हणाले, माझ्या केळी सुकतील.

त्याच ओढ्याच्या उगमाशी ठमाई नावाची विधवा राहायची. एक झरा, एक खाचर, घरात एक सून. झरा खाचरातच अडवलेला, म्हणून तेवढंच हिरवं. ठमाईनं कुदळ उचलली आणि बांध फोडायला लागली. सून रडकुंडीला आली. "आत्याबाई, आपण काय खायचं?"

ठमाई म्हणाली, "आपण दोघी कंद उकडून दिवस काढू. खाली चाळीस चुली हायेत, बाय."

पाणी खाली गेलं. ठमाईचं खाचर वाळलं, मंडळी, पार वाळलं!

नवं भात निघालं. खोत पगडी घालून दगडाजवळ उभे. खालच्या वाडीचा म्हातारा लिंबाजी मूठ घेऊन पाण्यात उतरला. खोत म्हणाले, "नाव वाचून घे."

लिंबाजी म्हणाला, "आमाला वाचता येत न्हाई, खोत. पानी कुनाचं प्यालो, तेवढं कळतं." आणि मूठ सोडली – "ठमाईचा ओढा!"

मागून एकोणचाळीस मुठी पडल्या. आणि वर्षभर ठमाईच्या घरी भात पोचतं झालं, दर चुलीमागं एक पायली.

माझी आजी त्याच चाळीस चुलींतली. छाती फुगते माझी हे सांगताना! आणि तो दगड? आहे ना. बायका त्यावर धुणं धुतात.

तुम्हीही पाट्या लावल्यात. देवळाच्या पायरीवर, या पंख्याच्या पात्यावर सुद्धा! पंखा फिरला की नाव दिसत नाही, हे सोडा. पण नवं भात हातात घेऊन, पाण्यात उभं राहून, तुमचं नाव कोण घेईल? उत्तर मनातच द्या. तोवर मी चिपळ्या धरतो.