पऱ्हाटीचं कुळ

दिग्रसच्या एसटीत सदाशिवराव आणि होस्टेलवरून घरी निघालेली त्यांची दिपाली बोलत होते.

“बाबा, कॉलेजात आम्ही एका झुडपाची अन् एका पतंगाची तुलना करून राह्यलो. मी कापसाची पऱ्हाटी अन् बोंडअळीचा पतंग घेतला.”

“तुलना कायची वं?”

“कुळाची. पऱ्हाटी भेंडीच्या कुळातली.”

“म्हणजे भाऊबंदच. म्हणून अळी भेंडीच्याही घरी जेवते.”

“पतंगाचं कुळ अलग. अन् नष्ट व्हायचा धोका दोघांलेही नाही.”

“असं पुस्तकात आहे?”

“हो. उद्या वावरातून दोघांचेही फोटो काढाचे आहेत.”

सदाशिवराव खिडकीबाहेर पाहू लागले.

“यंदा सोयाबीन पेरलं, माय. आपल्या वावरातून दोघांचंही कुळ बुडालं.”