मालिकांविरुद्ध माझं भाषण

संध्याकाळी सात वाजता राजापेठेतल्या वाचनालयात माझं भाषण होतं. विषय होता, टीव्ही मालिकांनी चालवलेली लोकांची फसवणूक. उभा जन्म बातमीदारीत गेलेला माणूस मी. टेबलावर हात आपटून सांगितलं, "माझ्या घरात मालिका लागत नाही!"

शेजारच्या कमलकाकू उठल्या. "भाऊ, मले पटते तुमचं. मी बी आठची मालिका सोडली. त्यातली सासू मेली न् मायं मनच उडालं."

"मेली कुठं? कोमात हाये ते!" मी तावातावानं बोलून गेलो.

सगळे हसत सुटले. मागून बायको म्हणाली, "चला आता घरी, आठ वाजून राहिले!"

हसा खुशाल. पण कोमातल्या बाईला रोज ताजी लिपस्टिक कोण लावतं? वाहिनीला दोन पत्रं लिहिली. अजून उत्तर नाही.