एका फुटासाठी भांडलेल्या मॅडम

मंडळी, मागं उन्हात उभी हायेत त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा हाय. बायांनो, सरका जरा.

मी सुरेखा. शेवंती आन् झेंडू पिकवते, शिरूरच्या बाजारात नेऊन विकते. माईक आज पहिल्यांदा हातात धरलाय. काल पल्लवीताई, मॅडमच्या लेक, मला म्हणाल्या, "आईविषयी तुम्ही बोला." मी म्हटलं, ताई, मला रडू येईल. त्या म्हणाल्या, "आलं तर येऊ द्या." मगापासून येतंय. पण रडण्याच्या वर राग येतोय, आन् तो कशाचा ते सांगितल्याबिगर मी खाली बसणार न्हाई.

मगाशी इथं सगळे म्हणाले, मॅडम शांत होत्या, मायाळू होत्या. आबा, माफ करा. तुमची भावजय शांत न्हवती. भांडखोर होती. आन् कशासाठी भांडली? एका फुटासाठी. रस्त्याची लांबी न्हाई, रुंदी न्हाई. जाडी. डांबराच्या खाली जी खडी आन् मुरूम असतो, एकदा झाकला की जो कुणाला दिसत न्हाई, त्याची जाडी.

मॅडम माहेरच्या दौंडच्या. वडील रेल्वेत. जवा मुली मास्तरीण व्हायच्या तवा ह्या इंजिनिअर झाल्या, सरकारी नोकरीत रस्ते केले. सून आपल्या गावची. नोकरी संपली तशा इथं राहायला आल्या.

माझी आन् त्यांची ओळख भांडणातनंच झाली.

आमचे मालक कुरकुंभला कंपनीत होते. उसाचा सीझन चालू होता. पहिल्या पाळीला मोटारसायकलवर निघाले. फाट्याच्या अलीकडं डांबर दबून चाकोरी पडली होती, चांगली वीतभर. पाऊस न्हवता, धुकं न्हवतं. चाक चाकोरीत घसरलं. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या लावलेला. त्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून जीव वाचला. गुडघा गेला. पाळीत आठ तास उभं राहायचं काम, ते सुटलं. ते तिकडं खुर्चीवर बसलेत, पाय लांब करून. तुम्ही सगळे बघताच.

कुणीतरी मला सांगितलं, हा रस्ता त्या नव्या राहायला आलेल्या मॅडमनीच केलेला हाय. मी तशीच उठले. मॅडम ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी दारातूनच ओरडले, "तुम्हीच केला ना हा रस्ता?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ठेकेदारानं वाट लावली, पावसानं वाट लावली. मॅडम उठल्या. हात पुसले. म्हणाल्या, "हो. डिझाइन माझं होतं. खाली सही माझी आहे."

मी भांडायला गेले होते, आन् समोरच्या बाईनं पहिल्याच वाक्यात कबूल केलं. मी म्हटलं, "मग चुकलं कुठं?"

"गणित बरोबर होतं. गाड्या चुकीच्या होत्या."

रस्ता किती जाड करायचा हे ठरवायला आधी त्याच्यावरनं जाणाऱ्या गाड्या मोजतात. आपल्या रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या कवा? श्रावणात. श्रावणात कारखाना बंद. ऊस न्हाई, ट्रॉली न्हाई, ट्रक न्हाई. कागदावर आल्या मोटारसायकली आन् दुधाचे टेम्पो. तो कागद मॅडमच्या टेबलावर आला, त्यावर त्यांनी हिशोब केला, उत्तर आलं सव्वा फूट. मला म्हणाल्या, "ऊस कुठं गेला, एवढं मी विचारायला हवं होतं. ह्याच गावची सून असून मी विचारलं नाही."

मग पुढच्या सीझनला आम्ही बायांनी गाड्या मोजल्या. मला धरून सहाजणी, सगळ्या आज इथंच हायेत. सात दिवस, दिवसरात्र, पाळ्या लावून फाट्यावर बसलो. उसाच्या गाड्या वेगळ्या, ट्रक वेगळे. कुरकुंभहून शिक्रापूरला जाणारे टँकर हल्ली आपल्याच रस्त्यानं जवळची वाट काढतात, ते वेगळे. लोक हसले. "बाया गाड्या मोजाय लागल्या!" व्हय, मोजल्या. मग मॅडमनी उसाची ट्रॉली काट्यावर नेऊन एकेका चाकाच्या जोडीवर किती वजन पडतं ते घेतलं.

मी विचारलं, वजन कशाला? तवा त्यांनी जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरायची न्हाई. म्हणाल्या, "चाकावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही. सोळापट होते." आन् मग म्हणाल्या, "तुझ्या मालकांची मोटारसायकल मी हिशोबात धरतच नाही. रस्त्याला तिचं वजन कळत नाही. पण रस्ता मोडला की पडतो तो मोटारसायकलवालाच."

ऐकलं का, मंडळी? मोडतो एक, पडतो दुसरा.

नंतर माती. रस्त्याच्या कडंला खड्डा घेतला. आपली काळी माती, उन्हाळ्यात कुदळ लागत न्हाई. ती शिक्रापूरजवळच्या एका कॉलेजात नेली, साच्यात ठोकून बसवली आन् चार दिवस पाण्यात ठेवली. मग यंत्रानं लोखंडी दट्ट्या तिच्यात दाबला. दगडासारखी माती, आन् दट्ट्या कसा गेला म्हणून सांगू! लोण्यात बोट जावं तसा. मॅडम म्हणाल्या, "कोरडी माती बघून रस्ता करायचा नसतो. ती भिजल्यावर किती टिकते ते बघायचं."

वरून ओझं किती, खाली मातीत बळ किती. ओझं मातीपर्यंत जाईस्तोवर पसरून हलकं झालं पाहिजे, तेवढी जाडी मधे घालायची. उत्तर आलं सव्वादोन फूट. होता सव्वा.

तो कागद घेऊन मी त्यांच्यासंगं सरकारी ऑफिसात गेले. साहेब तरुण होते. म्हणाले, "मॅडम, हा गावचा रस्ता आहे. गावच्या रस्त्याला एवढी जाडी बसत नाही."

मॅडम म्हणाल्या, "रस्ता गावचा आहे. गाड्या गावच्या नाहीत."

साहेबांनी जुनी फाइल उघडली, हसले आन् कागद पुढं सरकवला. "मागचं डिझाइन तर तुमचंच आहे."

मला वाटलं, आता संपलं. मॅडमनी त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं. एका कोऱ्या कागदावर लिहिलं, "मागील डिझाइन माझे असून ते चुकीचे आहे." खाली पूर्ण नाव, सही. म्हणाल्या, "हे फाइलला लावा. आता नवीन वाचा."

साहेब हसायचे थांबले. त्यानंतरही हेलपाटे झाले, किती ते मी मोजले न्हाईत. पण मंजूर झालं. पहिला अर्धा रस्ता सव्वादोन फुटानं झाला.

ठेकेदारसाहेब, तुम्ही आलात, बरं वाटलं. तुम्हाला आठवत असंल. मुरूम दोन बोटं कमी भरला म्हणून मॅडमनी पन्नास पावलं रस्ता उकरायला लावला. तुम्ही म्हणालात, "दोन बोटांनं काय होतंय?" मॅडम म्हणाल्या, "सुरेखाच्या मालकांना विचारा." तुम्ही गप उकरलंत. ते मी विसरणार न्हाई.

त्या अर्ध्या रस्त्यावरनं उसाचे दोन सीझन गेले. जाऊन बघा. डांबर सपाट हाय.

राहिलेला अर्धा मंजूर झाला आन् मॅडमनी अंथरूण धरलं. पुण्याला दवाखान्यात भेटायला गेले तर आवाज खोल गेला होता. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही बऱ्या व्हा, मग काम चालू करू. त्यांनी मान हलवली. "माझ्यासाठी थांबू नका. आणि वरून बघून फसू नकोस. खणून बघ."

आज दहावा दिवस. परवा, आठव्या दिवशी, माझ्या दारात एक कागद आला. 'राहिलेला रस्ता कमी जाडीचा केला तरी ग्रामस्थांची हरकत नाही, काम सीझनच्या आधी व्हावे.' खाली सह्या. त्यातली काही माणसं आत्ता इथं बसल्यात. नावं घेत न्हाई. मला म्हणाले, "मॅडम आता न्हाईत. कशाला ताणताय?"

मॅडम न्हाईत, खरंय. पण ऊस हाय का न्हाई? टँकर हायेत का न्हाई? काळी माती मॅडमच्या संगं गेली का?

पुढं बसलेले आप्पा मगाशी मला खुणावत होते, आज नको, आज नको. आप्पा, आजच. ज्या गोष्टीसाठी ही बाई स्वतःच्या चुकीवर सही करून आली, ती तिच्या फोटोपुढं बोलायची न्हाई तर कुठं बोलायची?

मी सही केली न्हाई. करणार न्हाई. ज्याला वाटतं सव्वा फूट पुरतो त्यानं सात दिवस फाट्यावर बसावं. माती चार दिवस भिजवावी. उत्तर सव्वा फूट आलं तर त्या कागदावर पहिली सही माझी. न्हाई आलं तर जे आलं तेवढी जाडी घालायची, एक बोट कमी न्हाई. सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही सहाजणी टेप आन् कुदळ घेऊन राहिलेल्या रस्त्याच्या कामावर जाणार हाय. कुणी संगं आलं तर चांगलं. न्हाई आलं तरी आम्ही मोजणार.

आता दोन मिनिटं उभं राहू. मान खाली घालायची रीत हाय, पण मॅडमनी त्या ऑफिसात चूक कबूल करताना पण मान खाली घातली न्हाई. आपणही ताठ उभं राहू. ज्यांनी त्या कागदावर सही केली, त्यांनीही उभं राहावं. दोन मिनिटं हायेत. नाव खोडायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

मॅडम, हात जोडते तुम्हाला.

उठा, मंडळी.