आबांच्या मागावरचा दिवा

हॅलो?… कोण, समरा? अगं बोल की!… व्हय, येतंय ऐकू. थांब, गॅस बारीक करते…

हां. मिळालं की गं पार्सल! काल एसटी स्टँडवरनं मीच जाऊन आणलं. केवढे कागद गुंडाळलेस बाई, आत ड्रायव्हर बघावा तर नखाएवढा! आबा म्हणाले, एवढ्याशात काय हाय? म्हटलं, सेलमधला करंट दिव्याला मापात सोडतंय ते…

न्हाय, न्हाय, काय बिघडलं न्हाय. काल आबांच्या नव्या दिव्यात बसवला, आज ते कामावर घेऊन गेले… अगं ऐक ना! आधी शिव्या घाल मला… घाल की! परवा तू म्हणालीस, 'रेश्मा, जुन्या दिव्यापुढं पेन्सिल हलवून बघ,' आणि मी हसले. म्हटलं, आयटीआयत होती तशीच हाय ही, उगं खुसपटं काढणारी…

व्हय, तोच. टॉर्चमधनं काढलेला, स्वस्तातला ड्रायव्हर. अगं, त्याच्या आधी नुसता रेझिस्टर लावला, तर सेल उतरंल तसा उजेड उतरायचा. दुपारी निव्वळ काजवा! हा कसा, दिवसभर एकसारखा. शिवाय बारीक करायचं बटण. आबांना लई आवडलं, डोळे दिपत न्हाईत म्हणायचे…

व्हय, तेच तर! बारीक केला की तो भराभरा उघडझाप करतोय, आपल्याला दिसत न्हाय. काल पेन्सिल हलवली, तर एकीच्या कितीतरी पेन्सिली, फणीच्या दातांगत!… तुझ्या दिव्यापुढं? तिथं नुसता धूसर पट्टा…

आबांना पटतंय व्हय! 'सगळा जन्म मागावर गेला, आणि लेक मला पेन्सिली दाखवतीय?' दोन्ही दिवे घेऊन गेले…

हितंच की, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आत्ता आले, चहाला हात लावला न्हाय. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, जुना दिवा बारीक करून मागाच्या दातेरी चाकावर धरला… चाक जाग्यावर उभं दिसलं!… अगं, माग चालूच होता, उघडझाप दातांशी जुळली म्हणून! शेडमधी सगळेच माग धडाडतायत, आपला बंद का चालू, कानाला कळतंय व्हय? आणि माग थांबला की चाकातली सुताची गुंतवळ ते बोटानंच काढतात… व्हय… व्हय गं…

न्हाय, मी कुटं रडतीय… बरं, रडतीय. तू न्हाय का?…

तुझ्या दिव्यात? गरागरा फिरताना दिसलं की! आणि काळ्या चादरीत तुटलेला काळा धागासुदीक घावला. मालक म्हणत होता ना, नजर गेली, आता माग सोडा, गोडाऊनला घड्या घाला? आज तोच म्हणाला, ऱ्हावा मागावर…

उपकार न्हाईत तर काय? गप. लई उपकार हायत तुझे… थांब, आबाच आले. आबा, समरा हाय, बोला… बोला की!…

अगं, फोनपुढं हात जोडून उभारलेत… नको कसं म्हणतीस? हात हायत म्हणून जोडलेत… व्हय, दोन्ही… दहाची दहा बोटं, समरा… हॅलो?… समरा?… बरं, ठेव, ठेव. डोळं पूस. मी पण ठेवते.