मानपत्रातली एक दुरुस्ती

आजच्या माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरचे संस्थेचे सचिव, पालक संघाची मंडळी, शिक्षकवर्ग, माझ्याबरोबरच्या सगळ्या मावश्या आणि समोर बसलेले आईबाबा, आजी-आजोबा, मुलं, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. सव्वीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांची मावशी मी. माझं बोलणं म्हणजे "रांगेत चला" आणि "नाक पुसा". त्यातून मघाशी मानपत्र वाचलं गेल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. दोनदा पाणी पिऊन झालं. तेव्हा सांगायचं ते आधी सांगते, आभार मग.

पालकांनो, तुमच्या चिठ्ठ्या मी जन्मभर वाचल्या. केळं सोलून द्या. पळू देऊ नका, घाम येतो. जिन्यावर हात सोडू नका. सात वर्षांच्या मुलांसाठी, बरं का! आम्ही मावश्या डबा खाताना हसायचो आणि उठून केळी सोलायचो. खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड लागायचं. मावशीवाचून पान हलत नाही, हे कुणाला आवडणार नाही?

जिन्यासाठी तर मी दोरच केला. बावीस गाठी, प्रत्येकाची एक. गाठ धरल्याशिवाय पायरी उतरायची नाही. तुम्ही केवढं कौतुक केलंत त्या दोराचं.

आता मानपत्रात लिहिलंय, अडगळीच्या खोलीतून धूर आला तेव्हा मी प्रसंगावधान राखून वरच्या मजल्यावरची बावीस मुलं खाली आणली. सचिवसाहेब, तेवढं खोडा.

मुलं जिन्याच्या तोंडाशी उभी होती. दोर मीच धुऊन गच्चीवर वाळत टाकला होता. एकही पाऊल पुढे पडेना. "मावशी, गाठ?" मागून धूर. आणि मी काय केलं? मुलांना तिथंच टाकून दोर आणायला पळाले. वर, गच्चीवर!

परत आले तर मुलं जागेवर नाहीत. वाकून पाहिलं, तर सगळी खाली पटांगणात. मग कळलं, जिला आपण सगळे 'वांड' म्हणतो, ती आज इथं चौथ्या रांगेत बसलीय ती, पायरी-पायरीवर बसून घसरत खाली गेली आणि तिच्यामागून बाकीची.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं विचारलं, स्कर्ट कसा फाटला? मी म्हटलं, "ऐकत नाही हो, जिन्यावरून घसरत होती." पोरीला माझ्यासमोर रट्टा बसला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवून झाडू उचलला. त्याची लाज वाटते मला.

हो बाई, आवरते. माझ्या जागी येईल तिच्या हाती तो दोर देऊ नका, एवढीच विनंती. संस्थेनं, तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत, फार आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल ते मोठ्यांनी पोटात घालावं.

आणि तू गं, चौथ्या रांगेतली. मी खोटं बोलले. करशील मला माफ? अंहं, आईकडे नको बघूस. तुझं तू सांग.