ड्रमच्या मागची हाक

शालन: आणि मी नाही म्हटलं तर, हरिकाका?

हरिहर: हळू बोल, शालन. मेकअपरूमचं दार पातळ आहे. बाहेर ती डोंबिवलीची मुलं उभी आहेत.

शालन: त्यांना माहीत नाही?

हरिहर: कुणालाच नाही. आमच्या कॅसेटी ऐकून मोठी झालीत ती. आज 'भरती' बँडची अख्खी कारकीर्द स्टेजवर उभी केलीय त्यांनी. एकोणऐंशी सालच्या गणपतीच्या मांडवापासून. तसेच बेलबॉटम, तसेच वाढवलेले केस. फक्त शेवटच्या गाण्यातली ती होडीवाल्यांची लांब हाक एकालाही लागेना. म्हणाले, ती तुम्हीच द्या सर.

शालन: ती तुम्हाला तरी कधी लागली?

मनुबाई: बोल ना रं, हरी. आता कोनाला लाजतंस?

हरिहर: मनुताई, तुमच्यापुढे कधी नाकारलंय मी? तोंड मी उघडायचो, ड्रमच्या मागून हाक तुमचा भाऊ देवराम द्यायचा. आमचं दोघांचं ठरलेलं होतं ते.

शालन: बाबांनी एका कार्यक्रमापुरतं ठरवलं होतं. तुमचा घसा बसला होता म्हणून. पुढचं सगळं तुम्ही ठरवलंत. 'पुढच्या वेळी नाव सांगतो, देवराम.' हे वाक्य ऐकत माझी शाळा संपली.

हरिहर: एकदा लोकांनी ती माझी हाक म्हणून डोक्यावर घेतली. मग ती परत कशी करणार?

शालन: मघाशी पहिल्या भागात बाबा कुठे होते?

हरिहर: म्हणजे?

शालन: बँडमध्ये तुम्ही चौघं होतात. स्टेजवर मुलं तीनच. बाबांचा बेस गिटारचा भाग त्या कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने वाजवला.

हरिहर: बेसवाला मिळाला नाही त्यांना.

शालन: मिळाला होता. तुम्ही म्हणालात, कशाला, गर्दी होईल. त्या मुलानेच मला सांगितलं. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं.

मनुबाई: माजे भावाला डाव्या हातानं उरकलास व्हय रं?

हरिहर: शालन, मी यायला हवं होतं, कबूल. पण देवराम गेला त्या दिवशी रेकॉर्डिंग होतं.

शालन: दहाव्यालाही होतं? नौपाड्याहून कोपर म्हणजे काही परदेश नाही.

मनुबाई: खांदा द्यायला नाय आयलास. आन आता त्याची पोर तुला गळा देल?

हरिहर: तिला येते हाक. देवराम सांगायचा ना, खाडीवर बापलेक एकमेकांना साद घालतात म्हणून. अगं, हॉल भरलाय. मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही, तर पंधरा वर्षांचं नाव गेलं. लोक म्हणतील, हा कधी गातच नव्हता.

शालन: हो. तसंच म्हणतील.

हरिहर: ड्रमच्या मागे माइक ठेवलाय, पुढे विरळ काळं कापड लावलंय, आतून दिसतं. देवरामचीच जागा. हाकेच्या वेळी मी तिरका उभा राहतो, तुला माझं तोंड दिसेल. उघडलं, की द्यायची. दोनदा येते.

शालन: गाण्याआधी बाबांचं नाव घ्याल?

हरिहर: आज नको गं. आजचा दिवस माझा असू दे. पुढच्या—

शालन: पुढच्या वेळी.

हरिहर: अगदी शपथेवर.

शालन: बरं. चला. उभी राहते मी तिथे.

(शेवटचं गाणं सुरू आहे. ड्रमच्या मागे, काळ्या कापडाआड शालन आणि मनुबाई. माइकचं बटण बंद.)

मनुबाई: पयली हाक आयली जवल. दाब बटन.

शालन: नाही दाबणार.

मनुबाई: मंग इथं कशाला आयलीस?

शालन: इथून त्याचं तोंड दिसतं.

मनुबाई: पोरी, शिव्या मी पन घातल्या त्याला. पन धुक्यान अरकले होरीला हाक द्याची नाय, असा आपले कोलीवाऱ्यान कंदी झाला नाय. वैऱ्याची होरी असली तरी. तुजे बापानं दिली असती.

शालन: असती कशाला? या होडीला आयुष्यभर दिलीच ना.

मनुबाई: उघारला बघ तोंड त्यानं.

शालन: उघडू दे.

मनुबाई: बाय माजे! आ वासून उभा हाय नुसता. ड्रमवाला पन थांबला.

शालन: बघू दे सगळ्यांना.

मनुबाई: अगो, मंग टाल्या कशाच्या ह्या?

शालन: टाळ्या?

मनुबाई: लोक उभी रायली. कोन तरी रडतंय पन.

शालन: त्यांना वाटतंय, जुन्या आठवणींनी त्याचा गळा दाटून आला.

मनुबाई: आन ह्यो डोले पुसतंय! नाटकी मेला. शालन, गप रावून त्यालाच दिलास सगला.

शालन: हो.

मनुबाई: चल घरा. नाय बघवत मना.

शालन: थांब, आत्या. गाणं संपलेलं नाही.

मनुबाई: देतंस आता? दे. उघारला त्यानं परत. दे लवकर!

शालन: अजून नाही.

मनुबाई: अगो, तोंड उघडा हाय त्याचा!

शालन: म्हणूनच. वासून किती वेळ उभा राहील? कधीतरी मिटावं लागेलच. हॉलभर लोक त्याच्याकडेच बघतायत.

मनुबाई: ...तोंड मिटल्यावर देशील?

शालन: हो. मिटल्या तोंडाची हाक त्याची कशी म्हणतील? आणि तू म्हणतेस तसं, हाकेवाचून कुणी राहायला नको.

मनुबाई: देवा. आता परत टाल्या. हात जोरतंय. मान खाली घालतंय... मिटला गो.

शालन: कापड ओढ, आत्या. आणि आता बोलू नकोस, मी बटण दाबतेय.